वाचकांचे प्रश्न : सरोवराचे रंगीत कडे आणि चाकांवरचे घर

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर असलेल्या ‘पिक्चर्ड रॉक्स नॅशनल लेकशोअर’ या संरक्षित प्रदेशात आम्ही कुटुंबीयांनी भाड्याच्या आरव्हीतून, म्हणजे राहण्या-निजण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारीतून, केलेल्या प्रवासाचे टिपण गेल्या अंकात प्रसिद्ध झाले होते. त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. सगळ्यांना उत्तरे देणे जागेअभावी शक्य नाही, तेव्हा ज्या प्रश्नांचा उपयोग इतरांनाही होईल ते येथे घेतले आहेत.

मुलगा शिकागोला असतो. आरव्ही भाड्याने घेऊन हे कडे दाखवीन असे तो म्हणतो. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत. गाडीत बसल्या बसल्या कडे दिसतात काय, आणि किती दिवस काढावेत? (मडगाव)

दिसत नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आमचीही हीच समजूत होती. म्युनिसिंग आणि ग्रँड मरे या दोन गावांना जोडणारा एच-५८ हा रस्ता कड्यांना समांतर जात असला तरी तो आतल्या बाजूने, दाट झाडीतून जातो. त्यामुळे मोटारीच्या काचेतून मेपल, बर्च आणि हेमलॉकच्या झाडांखेरीज फारसे काही दिसत नाही. कडे पाण्याकडे तोंड करून उभे आहेत आणि ते पाण्यावरूनच पाहायचे असतात. आपण कड्याच्या माथ्यावर गेलो तर आपल्या पायाखाली काय आहे ते आपल्यालाच दिसत नाही. काब द रामच्या किल्ल्यावर उभे राहून खालचा कडा पाहता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून माझा सल्ला असा की आरव्हीला वाहन न समजता बिऱ्हाड समजावे. ते एका जागी लावावे आणि मग पायी किंवा बोटीने फिरावे. म्युनिसिंगच्या धक्क्यावरून कड्यांच्या कडेने जाणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटी निघतात आणि सुमारे अडीच तासांत परत आणतात. कड्यांचे तोंड वायव्येला असल्याने सकाळी ते सावलीत असतात, आणि दुपार कलली की ऊन थेट त्यांच्यावर पडते. तिकीट काढताना दिवसाची शेवटची किंवा शेवटून दुसरी फेरी मागावी. आम्ही पहिल्या दिवशी सकाळची फेरी केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे भरून दुपारची केली, आणि दुसऱ्यांदा भरलेल्या पैशांबद्दल घरात कोणीही कुरकुर केली नाही.

आपल्यासारख्या ज्येष्ठांसाठी ‘माइनर्स कॅसल’ हे ठिकाण सर्वांत सोयीचे आहे. तेथपर्यंत डांबरी रस्ता आहे, आरव्ही उभी करण्यापुरती जागा आहे आणि थोडेसे चालून गेल्यावर बुरुजासारखा खडक आणि खालचे हिरवे-निळे पाणी दिसते. (आपल्या दूधसागरच्या रेल्वेमार्गावर पुढे कॅसल रॉक स्टेशन लागतेच, खडकात किल्ला पाहण्याची हौस जगभर सारखीच असावी.) चॅपल फॉल्सकडे जाणारा रस्ता मात्र कच्चा आणि खडबडीत आहे. तिकडे मोठी आरव्ही नेऊ नये.

शिकागोहून म्युनिसिंग सुमारे ६०० किलोमीटरवर आहे, म्हणजे जाण्याचा एक आणि येण्याचा एक दिवस धरून चालावे. मध्ये किमान तीन रात्री तेथे असाव्यात, कारण वारा वाढला की बोटींच्या फेऱ्या रद्द होतात आणि हाताशी एखादा दिवस मोकळा नसेल तर ज्यासाठी गेलो तेच राहून जाते. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. शिकागोहून विस्कॉन्सिनमार्गे जाताना वाटेत घड्याळ एक तास पुढे करावे लागते. बोटीची वेळ म्युनिसिंगच्या घड्याळाप्रमाणे असते, शिकागोच्या नव्हे.

दूधसागर पाहिलेल्या माणसाने पन्नास फुटांचे धबधबे पाहायला सातासमुद्रापार का जावे? (फोंडा)

प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळतो. म्युनिसिंग फॉल्स १५ मीटरांचा आहे, माइनर्स फॉल्स सुमारे १२ मीटरांचा. उंचीच्या हिशेबाने पाहिले तर तेथे जाण्यात काहीच अर्थ नाही, आणि केवळ धबधब्यांसाठी जायचे असेल तर मी आपल्याला दूधसागरजवळच्या कुळे स्टेशनचेच तिकीट काढायला सांगेन.

परंतु तेथील धबधब्यांची जात वेगळी आहे. दूधसागर पावसावर जगतो. जेव्हा तो भरात असतो तेव्हा आपल्याला त्याच्या जवळ जाणे अवघड होते, आणि पाऊस सरून जवळ जाता येऊ लागले की तो रोडावत जातो, मार्च-एप्रिलमध्ये तर क्षीण ओघळच उरतो. तिकडचे ओहोळ वितळलेल्या बर्फावर आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यावर वाहतात. त्यांना सर्वांत जोर येतो तो वसंतात, आणि नंतर ते रोडावले तरी मोठे धबधबे वाहते राहतात. त्यांचा पल्लाही आखूड आहे. जंगलात कोठेतरी उगम पावायचे, थोडे अंतर शांतपणे वाहायचे आणि खडकाच्या काठाशी आल्यावर एकदम खाली यायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. माथ्यावरचा थर टणक आणि त्याखालचा मऊ असल्यामुळे पाणी खालचा दगड खात जाते आणि वरची कड छज्जासारखी पुढे राहते. म्हणून म्युनिसिंग फॉल्सची धार दगडाला न चिकटता मोकळी, सरळ पडते. हे समोर उभे राहून पाहिले की भूगोलाच्या पुस्तकातील आकृती प्रथमच खरी वाटते.

स्प्रे फॉल्स हा २१ मीटरांचा धबधबा तर कड्यावरून थेट सरोवरात पडतो. आमची बोट त्याच्यासमोर थोडा वेळ थांबली. गोड्या पाण्याचा प्रवाह समुद्रासारख्या दिसणाऱ्या गोड्याच पाण्यात पडताना पाहणे हा आपल्याला, खाडीकाठच्या लोकांना, जरा चमत्कारिक अनुभव असतो. माझ्या पत्नीने बोटीवरून हात बाहेर काढून बोटावर आलेले तुषार चाखून पाहिले. खारट नाहीत याची तिला खात्री करून घ्यायची होती.

ग्रँड मरेच्या बाजूला असलेल्या सेबल फॉल्सला १६८ पायऱ्या उतरून जावे लागते. उतरणे सोपे असते, चढण्याचा विचार उतरण्याआधी करावा. वेळ असेल तर पूर्वेला सुमारे दोन तासांच्या अंतरावर टाक्वामेनॉन हा मोठा धबधबा आहे. त्याची रुंदी सुमारे ६० मीटर आणि उडी सुमारे १५ मीटर आहे. सिडार आणि हेमलॉकच्या दलदलीतून येताना पाण्यात टॅनिन हे झाडांतील तुरट द्रव्य उतरते आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. पाणी गढूळ आहे असे समजून नाक मुरडू नये. ते स्वच्छच असते.

या कड्यांना तांबडे, पिवळे, हिरवे पट्टे आहेत असे आपण लिहिले होते. तो आपल्या जांभ्यासारखाच दगड आहे काय? (पणजी)

नाही, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. आपला जांभा हा मूळ खडक झिजून, पावसाने त्यातील विरघळणारे घटक वाहून नेल्यावर मागे उरलेला दगड आहे. त्यात लोह आणि ॲल्युमिनिअम साचून राहते आणि म्हणून तो आतून-बाहेरून तांबडा असतो. वागातोरचा कडा कोठेही फोडला तरी आतही तोच रंग निघेल.

पिक्चर्ड रॉक्सचा दगड वालुकाश्म आहे. त्याचे बहुतेक थर सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन कालखंडातील उथळ समुद्रांत आणि किनाऱ्यांवर साचले. हा दगड मुळात फिकट, भुऱ्या वाळूचा आहे आणि रंग त्याच्या अंगचा नाही. वरच्या जमिनीत मुरलेले पाणी दगडातील भेगांतून झिरपत कड्याच्या तोंडाशी येते, खाली ओघळते आणि वाळताना आपल्याबरोबर आणलेली खनिजे दगडावर ठेवून जाते. लोहामुळे तांबडा आणि नारिंगी, तांब्यामुळे हिरवा आणि निळा, मँगनीजमुळे तपकिरी आणि काळा असे पट्टे उमटतात. म्हणूनच ते आडवे नसून उभे, ओघळांच्या आकाराचे असतात. चतुर्थीच्या आधी रंगवलेल्या भिंतीवर गळक्या छपरातून पाणी उतरले की जे होते तेच येथे हजारो वर्षे होत आले आहे, फक्त येथे ते पाहायला लोक तिकीट काढतात. पाऊस पडून गेल्यावर दगड ओला असताना हे रंग अधिक गडद दिसतात. त्यामुळे पावसाची सर आली म्हणून बोटीचा बेत मोडू नये, वारा नसला म्हणजे झाले.

कड्यांची उंची पाण्यापासून १५ ते ६० मीटर आहे. ते स्थिर मात्र नाहीत. भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि दगड सुटा करते. माइनर्स कॅसलला पूर्वी दोन शिंगे होती. त्यांपैकी एक १३ एप्रिल २००६ रोजी कोसळून सरोवरात पडले. जुनी छायाचित्रे पाहून गेलात तर खडक चुकल्यासारखे वाटेल. चॅपल रॉक नावाच्या सुट्या खांबावर पाइनचे एक झाड उभे आहे. तो खांब पूर्वी दगडी कमानीने मुख्य कड्याला जोडलेला होता आणि त्या कमानीवरून झाडाची मुळे मातीपर्यंत गेली होती. कमान १९४०च्या दशकात पडली. मुळे मात्र तशीच हवेत ताणलेली राहिली, आणि आजही झाड त्यांच्यावरच जगते आहे.

अशा ठिसूळ कड्याच्या काठाशी छायाचित्रासाठी जाऊ नये, तसेच छोट्या होडीतून अगदी कड्याखालीही रेंगाळू नये. या प्रदेशाला १९६६ साली अमेरिकी संसदेने संरक्षण दिले, आणि ‘नॅशनल लेकशोअर’ म्हणून मान्यता मिळालेला तो त्या देशातील पहिला किनारा आहे.

सासूबाई बरोबर असतील. गाडीतील शौचालय, पाणी आणि वीज यांची व्यवस्था कशी असते? सुके मासे आणि मिक्सर न्यावा काय? (म्हापसा)

सर्वांत उपयुक्त प्रश्न आपणच विचारला आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

आरव्हीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या आणि न्हाणीच्या सांडपाण्याची, आणि तिसरी शौचालयाची. शेवटच्या दोहोंना तिकडे अनुक्रमे ‘ग्रे वॉटर’ आणि ‘ब्लॅक वॉटर’ म्हणतात. आमच्या वडिलांनी दुसऱ्या शब्दाचे ‘काळे पाणी’ असे भाषांतर केले आणि मग ती टाकी रिकामी करण्याची शिक्षा कोणाला यावर रोज चिठ्ठ्या टाकल्या जाऊ लागल्या. हे काम नेमून दिलेल्या डम्प स्टेशनवरच करायचे असते. हातमोजे घालून आधी शौचालयाची टाकी सोडावी आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. ज्यांना सोवळ्या-ओवळ्याचा विचार आहे त्यांना एकच सांगतो. स्वच्छ पाण्याची नळी वेगळी असते आणि ती या दोहोंच्या जवळपासही ठेवायची नसते, हा नियम तेथील लोकही आपल्याइतक्याच कडकपणे पाळतात.

विजेबाबत बऱ्याच जणांची फसगत होते. दिवे आणि पाण्याचा पंप गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, शेगडी प्रोपेन वायूवर चालते, आणि पुष्कळ गाड्यांत फ्रीजही त्याच वायूवर चालू शकतो. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग मात्र बाहेरून विजेची तार जोडल्यावर किंवा जनरेटर लावल्यावरच चालतात. पिक्चर्ड रॉक्सच्या हद्दीतील ट्वेल्व्हमाइल बीच आणि हरिकेन रिव्हर ही कॅम्पग्राउंडे अगदी सरोवराला लागून आहेत, पण तेथे अशी वीजजोडणी नाही आणि शौचालये साधी, खड्ड्याची आहेत. जनरेटरही ठराविक वेळातच लावता येतो. सासूबाई बरोबर असतील तर पहिल्या दोन रात्री म्युनिसिंग शहराजवळ वीज-पाण्याची जोडणी असलेल्या तळावर काढाव्यात, सगळ्यांचा हात बसू द्यावा, आणि मग एक रात्र स्वच्छ पाण्याची टाकी भरून घेऊन किनाऱ्यावरच्या तळावर जावे. ती एक रात्र चुकवू नये. हरिकेन रिव्हरच्या तळावरून अडीच किलोमीटरांच्या आत ओ सेबलचे १८७४ सालचे दीपगृह आहे. वाट सपाट आहे आणि खाली किनाऱ्यावर फुटलेल्या जुन्या जहाजांची लाकडे पडलेली दिसतात. या जागा उन्हाळ्यात भरलेल्या असतात, म्हणून काही महिने आधीच आरक्षण करावे.

मिक्सर नेऊ नये. तिकडे वीज १२० व्होल्टची असते आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा. त्याऐवजी वाटण घरूनच कोरडे भाजून, दळून न्यावे. कुकर अवश्य न्यावा, तो प्रोपेनच्या शेगडीवर उत्तम चालतो. मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेण्यास मनाई आहे, म्हणजे चोरीस (गोव्याचे मसालेदार मांसाचे सॉसेज) घरीच राहू द्यावेत. सुक्या माशांविषयी माझे मत कायद्यापेक्षा व्यवहाराचे आहे. बंद गाडीत बांगडा एकदा भाजला की पुढचे चार दिवस तो आपल्याबरोबर निजतो. शिवाय त्या जंगलात काळी अस्वले आहेत आणि त्यांचे नाक आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. जेवण झाल्यावर अन्न, भांडी आणि कचऱ्याची पिशवी बाहेर टेबलावर न ठेवता गाडीत आत ठेवून दार लावावे लागते. जे काही खाद्य बरोबर न्याल ते विमानतळावरच्या अर्जात नमूद करावे, लपवू नये.

शेवटी एक घरगुती सूचना. निघण्यापूर्वी फ्रीजची आणि प्रत्येक कपाटाची कडी लागली आहे ना ते एकाने मोठ्याने म्हणत तपासावे. आम्ही पहिल्याच वळणावर दोन किलो दही गमावले, आणि ते गालिच्यातून पूर्णपणे कधीच निघाले नाही. गाडी परत करताना त्याचे पैसेही भरले.

तेथे गाडी चालवण्यास गोव्याचा परवाना चालतो काय? एवढी मोठी गाडी झेपते काय? (वास्को)

निघण्यापूर्वी वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढून घ्यावा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवावा. भाड्याने मिळणाऱ्या नेहमीच्या आरव्हीसाठी जड वाहनाचा वेगळा परवाना लागत नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणे एका दिवसात अंगवळणी पडते. गाडीची लांबी आणि उंची अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. गाडीची उंची फुटांत लिहून चालकासमोर चिकटवावी, कारण तेथील पुलांवरच्या पाट्या फुटांतच असतात. मागे घेताना एकाने खाली उतरून उभे राहावे. चोर्ला घाटात बस चालवणाऱ्याला ही गाडी काहीच वाटणार नाही, इतरांनी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर तासभर सराव करावा.

डेट्रॉइटकडून आलात तर मॅकिनॉचा झुलता पूल लागतो. इंग्रजीत हे नाव लिहिताना शेवटी ‘क’ असतो, उच्चारताना नसतो. पोर्तुगीज वळणाने लिहिलेली गावांची नावे वाचत वाढलेल्या गोमंतकीयांना याचे नवल वाटू नये. १९५७ साली खुला झालेला हा पूल सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. वारा जोरात असेल तेव्हा आरव्हीसारख्या उंच गाड्यांना तेथे अडवून ठेवतात किंवा सोबत देऊन हळूहळू नेतात. सांगतील ते ऐकावे.

कोणत्या महिन्यात जावे? सरोवरात पोहता येते काय? (डिचोली)

मे-जूनमध्ये धबधबे भरलेले असतात, पण चावऱ्या काळ्या माश्यांचे थवे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा सुखद आणि गर्दी मोठी. मी सप्टेंबर सुचवीन. पहिल्या सोमवारच्या ‘लेबर डे’च्या सुटीनंतर तेथील शाळकरी कुटुंबे परततात आणि तळ मोकळे होतात. आपली चवथ आटोपून निघालात तर महिन्याच्या शेवटी मेपलची पाने लाल-पिवळी होऊ लागलेली सापडतील. त्यानंतर फार लांबवू नये, कारण ऑक्टोबरच्या मध्यास बोटी बंद होऊ लागतात आणि थंडी वाढते.

पोहण्याविषयी सावध राहावे. सुपीरियर हे पृष्ठफळाने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. ते सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटरांवर पसरले आहे, म्हणजे त्यात २२ गोवे मावतील, आणि त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे. स्थानिक ओजिब्वे लोक त्याला ‘गिची गामी’, म्हणजे महासागर, म्हणतात ते उगीच नव्हे. पाणी भर उन्हाळ्यातही इतके थंड असते की पट्टीचा पोहणाराही थोड्या वेळात गारठून हातपाय हलवू शकत नाही. भरती-ओहोटी जाणवत नाही, परंतु वारा उठला की तासाभरात लाटा समुद्रासारख्या होतात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे प्रचंड मालवाहू जहाज याच सरोवरातील वादळात २९ खलाशांसह बुडाले. आपण बागा-कळंगुटला पोहणारे आहात म्हणून येथे धाडस करू नये. कयाकने कड्यांखाली जायचे असेल तर माहितगार मार्गदर्शकाबरोबर, जीवरक्षक जाकीट घालूनच जावे. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून गुळगुळीत रंगीत गोटे पाहावेत, मात्र ते खिशात घालून आणू नयेत, संरक्षित क्षेत्रात त्यास मनाई आहे.

अमेरिकेचा खर्च परवडणारा नाही. गोव्यातच अशी सहल आखता येईल काय? (केपे)

सरोवराकाठचे कडे आपल्याकडे नाहीत, तेव्हा तंतोतंत तशी सहल होणार नाही. मोठ्या कॅराव्हॅनचाही आग्रह धरू नये. आपल्या वाड्यांतील रस्ते दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या कुंपणांत अडकलेले, वर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडण्यास कायद्याने बंदी. घरची साधी गाडी आणि मुक्कामाला एखादे घरगुती निवासस्थान एवढे पुरे.

कडे पाहायचे तर पाऊस ओसरल्यावर, संध्याकाळच्या उन्हात काब द राम. धबधब्यांपैकी साखळीजवळचा हरवळे गाडीतून उतरून पायऱ्यांनी गाठता येतो. शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आहे आणि जवळच दगडात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. डिचोलीकडे गेलात तर मये तळेही वाटेवरच आहे. दूधसागरसाठी कुळ्याहून जीप घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती वाट बंद असते. नेत्रावळीचा सावरी धबधबा पायवाटेने जाऊन पाहायचा आहे. अतिवृष्टीच्या दिवसांत वन खाते धबधब्यांवर प्रवेशबंदी घालते, ती मोडून जाऊ नये.

आपण केप्याचे असल्यामुळे सर्वांत जवळचे ठिकाण शेवटी सांगतो. सांग्यातील साळावली धरण भरले की त्याच्या अर्धगोलाकार सांडव्यावरून पाणी आत, खोल विहिरीत पडावे तसे पडते. तो माणसाने बांधलेला आहे, पण पाण्याला ते ठाऊक नसते. जुलैच्या सुमारास, धरण ओसंडू लागल्याची बातमी आली की रविवार टाळून एखाद्या आडवारी सकाळी जावे. गाडी फाटकाबाहेर लावून उरलेले अंतर पायी चालावे, आणि छत्रीऐवजी रेनकोट न्यावा, कारण सांडव्यापाशी तुषार खालून वर येतात.